'गेट' म्हणजे नक्की काय? आधी तुमच्या वाक्यातला 'मला' शोधा

तुमचा प्रश्न वाचून आधी हसू आलं आणि मग माझ्याच क्लासातली निम्मी मुलं डोळ्यासमोर आली. तुम्ही लिहिलंय की साहेबांचा मेसेज आला, 'गेट धिस साइन्ड अँड गेट बॅक टू मी बाय फोर', तर तुम्ही त्या कागदावर स्वतःची सही ठोकलीत आणि बरोबर चारच्या ठोक्याला केबिनच्या दारात जाऊन उभे राहिलात. साहेब बघतच राहिले. आता तुमचं म्हणणं असं की शाळेत गेट म्हणजे मिळणे हेच शिकवलं होतं, मग ह्या वाक्यात मिळतंय काय आणि कुणाला? आणि शेवटी विचारलंय की 'गॉटन' असा शब्द खरंच आहे का.

मी सांगलीत गेली 22 वर्षं स्पोकन इंग्लिश शिकवतेय. दर बॅचला कुणीतरी हा प्रश्न विचारतंच, आणि जो विचारत नाही त्यालाच तो जास्त नडतो. त्यामुळे जरा लांबण लागली तर चालवून घ्या.

तुमची चूक नाहीये. आमच्या वेळी पाचवीत एबीसीडी सुरू व्हायची (पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं) आणि सातवी-आठवीत गो-वेंट-गॉन, गेट-गॉट-गॉट हे पाढ्यासारखं पाठ करून घ्यायचे. पुढे एक अर्थ. गो म्हणजे जाणे, ईट म्हणजे खाणे, गेट म्हणजे मिळणे, झालं. गो आणि ईटचं त्यात बरंच भागून जातं, गेटचं नाही भागत. कारण इंग्रजीतली जी छोटी छोटी, रोज तोंडात असलेली क्रियापदं आहेत ना, गेट, टेक, सेट, रन, पुट, ती सगळी एक नंबरची बहुरूपी. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीत 1989 च्या आवृत्तीत एकट्या 'सेट' क्रियापदाचे 430 अर्थ दिलेले होते, पुढे 'रन'ने त्याला मागे टाकलं, ते गेलं 645 वर. आता हे कोण पाठ करणार? तिथला माणूससुद्धा करत नाही.

तुम्ही तरी 'लागणे' कुठे पाठ केलंत? भूक लागते, ठेच लागते, वेड लागतं, दहावीचा निकाल लागतो, घाटात गाडी लागते, ती माझी मावशी लागते, वेळ लागतो, आमटी खारट लागते आणि पोरगं रडायला लागतं. एखाद्या परदेशी माणसाला सांगितलं की लागणे म्हणजे टू टच, तर 'दादाला नोकरी लागली' ऐकून तो बिचारा विचारेल, कुठे लागली, डोक्याला का? आपल्याला कधी अडलं नाही कारण आपण लागणे सुटं शिकलोच नाही. भूक लागणे हा एक तुकडा, निकाल लागणे हा दुसरा तुकडा, असं जोडीजोडीने डोक्यात गेलं. गेट तसंच शिकायचं असतं, म्हणजे त्याच्या पुढे काय आलंय त्याच्यासकट.

पण मराठी माणसाला इथे एक आयता फायदा आहे आणि तो कुणी सांगत नाही म्हणून मला राग येतो. बघा, आत्ताच मी काय लिहिलं? 'मला राग येतो.' मी रागावते असंही म्हणता आलं असतं, पण आपली सवय कशी आहे, गोष्टी आपल्याकडे चालत येतात आणि आपण नुसते 'मला' म्हणून बसलेले असतो. मला ताप आला, मला सर्दी झाली, मला नोकरी लागली, मला पत्र मिळालं, मला कंटाळा आला, मला समजलं, मला शॉक बसला. क्रियापदं बघा किती वेगवेगळी आहेत, आला, झाली, लागली, मिळालं, बसला. इंग्रजी माणूस हा सगळा पसारा उलटा करतो, 'मला'ला उचलून 'आय' करतो आणि आला-झाला-लागला-बसला सगळ्यांच्या जागी बहुतेक वेळा एकच शब्द टाकून मोकळा होतो, गॉट. आय गॉट अ फीव्हर, आय गॉट अ कोल्ड, आय गॉट अ जॉब, आय गॉट अ लेटर, आय गॉट बोअर्ड, आय गॉट इट, आय गॉट अ शॉक. म्हणून मी पोरांना सांगते, मनात मराठी वाक्य आलं आणि ते 'मला'ने सुरू होत असेल आणि त्यात काहीतरी *घडलेलं* असेल, तर आधी गेट वापरून बघा, दहातल्या सहा-सात वेळा गाडी बरोबर स्टेशनात लागते.

घडलेलं हा शब्द मुद्दाम जोर देऊन लिहिलाय हं. मला आवडतं, मला माहितीये, मला वाटतं, मला पोहता येतं, ह्यात काही घडत नाहीये, ही स्थिती आहे, तिथे गेट चालणार नाही, तिथे आपले लाइक, नो, थिंक, कॅन. आणि भुकेचं जरा मजेशीर आहे. 'मला भूक लागलीये' म्हणजे लागून झालेली आहे, स्थिती, म्हणून आय ॲम हंग्री. पण 'आता भूक लागायला लागली बरं का' ह्याला आय ॲम गेटिंग हंग्री. म्हणजे आहे असेल तर ॲम-इज-आर आणि होतंय, व्हायला लागलंय, बदलतंय असं असेल तर गेट. इट इज डार्क, अंधार आहे. इट इज गेटिंग डार्क, अंधार पडायला लागलाय. आर यू मॅरिड, लग्न झालेलं आहे का. व्हेन डिड यू गेट मॅरिड, कधी झालं. हे एवढं एक डोक्यात पक्कं बसलं ना तरी माझी फी वसूल झाली म्हणायची.

कंटाळ्याचंच घ्या. 'मला बोअर होतंय' ह्याचं इंग्रजी करताना दर बॅचमध्ये कुणीतरी छाती फुगवून 'आय ॲम बोरिंग' म्हणतं, म्हणजे मी कंटाळवाणा माणूस आहे. कधी कधी ते खरंही असतं, पण सांगायचं ते नसतं. दुसरा गट म्हणतो 'आय ॲम गेटिंग बोअर', हे अर्धं बरोबर, शेवटी ड पाहिजे, बोअर्ड. थकलो, गोंधळलो, हरवलो, अडकलो ह्या सगळ्यांना तेच, गॉट टायर्ड, गॉट कन्फ्यूज्ड, गॉट लॉस्ट, गॉट स्टक.

गॉट लॉस्टवरून एक सांगते. 'वी गॉट लॉस्ट' म्हणजे आम्ही रस्ता चुकलो. पण तोच शब्द समोरच्याकडे बोट करून म्हटला, 'गेट लॉस्ट', तर चालता हो. शब्द तोच, एक सांगणं आणि एक हुकूम, आणि मधे भांडण व्हायला पुरेशी जागा. तसंच गेट आउट. क्रिकेटमध्ये 'ही गॉट आउट' म्हणजे आउट झाला, आपण अगदी शब्दाला शब्द तेच बोलतो, झाला म्हणजे गॉट. आणि वर्गात सरांनी गेट आउट म्हटलं की काय होतं ते सांगायला नको. हे गेट आउट, दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर आणि नाटकातला गेटअप असे तीन गेट तर मराठीने केव्हाच घरात घेतलेत, आजीलासुद्धा कळतात.

आता तुमच्या साहेबांच्या वाक्याकडे. त्यातला पहिला गेट हा सगळ्यात जास्त गोंधळ घालणारा आहे, म्हणून ह्याच्यावर थोडी जास्त बसते.

आपण मराठीत म्हणतो 'काल मी केस कापले.' कुणी कापले? न्हाव्याने. पण मराठीत हे सांगायची गरज वाटत नाही, ऐकणाऱ्याला कळतं. 'मी दाढ काढली', काढली डॉक्टरने. 'मी गाडी सर्व्हिसिंग केली', केली गॅरेजवाल्याने. 'मी ब्लड टेस्ट केली'. आपण एकदम उदार मनाने सगळी कामं स्वतःच्या नावावर लावून घेतो. आणि मग हेच सरळ इंग्रजीत ओतलं की 'आय कट माय हेअर', 'आय रिमूव्ह्ड माय टूथ'. माझी एक विद्यार्थिनी परदेशी क्लायंटला सांगत होती की मी काल उशिरा आले कारण आय रिमूव्ह्ड माय टूथ, आणि पलीकडून दोन सेकंद नुसती शांतता. त्या माणसाने डोळ्यासमोर पक्कड आणली असणार.

इंग्रजीत काम कुणी केलं हे ठेवावं लागतं, निदान 'मी नाही केलं' एवढं तरी दिसलं पाहिजे. त्यासाठी गेट. आय गॉट माय हेअर कट. आय गॉट माय टूथ रिमूव्ह्ड. आय गॉट माय कार सर्व्हिस्ड. साचा असा की गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. मराठीत ह्याला अगदी चपखल जोडीदार आहे, 'करून घेणे'. केस कापून घेतले, दाढ काढून घेतली, गाडी दुरुस्त करून घेतली. आपण रोजच्या बोलण्यात 'घेतले' गाळतो एवढंच. म्हणून इंग्रजी बोलायच्या आधी मनातल्या मनात 'घेतलं' लावून बघायचं, लागत असेल तर गेट.

म्हणजे 'गेट धिस साइन्ड' ह्याचा अर्थ ह्याच्यावर सही करून घे. ज्याची पाहिजे त्याची, क्लायंटची असेल, अकाउंट्सवाल्यांची असेल. तुमची पाहिजे असती तर साहेब सरळ 'साइन धिस' म्हणाले असते. तिथे तुमचा गोंधळ झाला. कुणाची सही ते मेसेजमध्ये नाहीये ही मात्र साहेबांची चूक, ती तुम्ही अंगावर घेऊ नका. दुसरा गेट, 'गेट बॅक टू मी', ह्यात परत येणे वगैरे काही नाही, मला कळव एवढंच, फोन कर, मेल टाक, मेसेज कर. आणि बाय फोर म्हणजे चारपर्यंत, चारला नव्हे. सव्वातीनला 'डन, गॉट इट साइन्ड' एवढं टाकलं असतंत तरी काम झालं असतं. तेवढं लक्षात ठेवा की 'आय विल गेट बॅक टू यू' हे समोरचा म्हणाला तर प्रत्येक वेळी फोनची वाट बघत बसायचं नसतं. ते पुष्कळदा आपल्या 'बघू'सारखं असतं. मुलगी बघायला आलेले 'कळवतो' म्हणून जातात ना, तसं.

ह्याच साच्यात एक वाकडं वळण आहे. 'आय गॉट माय फोन स्टोलन' असंही इंग्रजीत ऐकाल. आता फोन कुणी चोरून घेत नाही! इथे करून घेतलं नसून आपल्यावर ओढवलं. कुठला अर्थ ते प्रसंगावरून कळतं. तुम्ही स्वतः बोलताना 'माय फोन गॉट स्टोलन' म्हणा, म्हणजे कुणाला शंका नको.

माणसाकडून काम करवून घ्यायचं असेल तर साचा थोडा बदलतो, मधे 'टू' घुसतो. आय गॉट हिम टू साइन. इथे मेक, हॅव, गेट असे तीन भाऊ आहेत आणि तिघांचा स्वभाव वेगळा. 'आय मेड हिम साइन' म्हणजे भाग पाडलं, त्याला करायचं नव्हतं. 'आय हॅड हिम साइन' म्हणजे सांगितलं आणि त्याने केलं, साहेब लोकांचं वाक्य. 'आय गॉट हिम टू साइन' म्हणजे मागे लागून, चहा पाजून, पटवून, कसंबसं सही करवली. आपल्याकडची कामं कशी होतात ते बघता आपल्याला तिसराच जास्त लागणार. आणि टू फक्त गेटला, मेक आणि हॅवला नाही. 'आय मेड हिम टू साइन' ही चूक मी इतक्यांदा दुरुस्त केलीये की आता झोपेतसुद्धा करीन.

अजून एक जोडी आहे जी मला फार आवडते, कारण मराठी आणि इंग्रजी इथे एकदम खांद्याला खांदा लावून चालतात. 'मला ताजमहाल बघायला मिळाला.' आय गॉट टू सी द ताजमहाल. बघायला मिळणे, खायला मिळणे, भेटायला मिळणे, सगळ्याला गेट टू. संधी मिळाली, नशीब उघडलं असा सूर. एखाद्याला कौतुकाने सांगायचं की तू घरून काम करतोस, मजा आहे, तर यू गेट टू वर्क फ्रॉम होम. आणि तोच जर वैतागलेला असेल तर म्हणेल आय हॅव टू वर्क फ्रॉम होम, करावं लागतं. मिळतं आणि लागतं, बस.

पण ह्यात एक खड्डा आहे. 'आय गॉट टू गो' हे वाक्य तुम्ही सिरियलमध्ये शंभर वेळा ऐकलं असेल, माणूस फोन ठेवताना म्हणतो. त्याला काही जायला मिळत नाहीये. ते मूळचं 'आय हॅव गॉट टू गो', त्यातलं हॅव घाईत गिळलं, राहिलं आय गॉट टू गो, म्हणजे मला निघायला हवं. अजून घाईत ते 'गॉटा गो' होतं. आणि 'लास्ट इयर आय गॉट टू गो टू लंडन' म्हणजे गेल्या वर्षी मला लंडनला जायला मिळालं. शब्द तेच सगळे. फरक कशाने कळतो? आत्ताची घाई आहे की मागची गोष्ट सांगतोय, एवढ्यावरच. तसंच 'हॅव यू गॉट चेंज' मधे पण मिळण्याचा संबंध नाही, सुट्टे *आहेत* का. ब्रिटिश लोक असलेल्या गोष्टीलाही हॅव गॉट म्हणतात, आय हॅव गॉट टू सिस्टर्स, दोन बहिणी आहेत, कुठून मिळवल्या नाहीत.

मार खाण्याचं पण सांगून टाकते. आपण म्हणतो मार खाल्ला, शिव्या खाल्ल्या, बोलणी खाल्ली. इंग्रजीत तिथेही बरेचदा गेट, गॉट बीटन, गॉट स्कोल्डेड, गॉट फायर्ड. पुस्तकात शिकलेलं 'ही वॉज फायर्ड' चूक नाही, पण ते बातमीसारखं वाटतं, आणि 'ही गॉट फायर्ड' हे चहाच्या टपरीवर सांगितल्यासारखं, अरे कळलं का, त्याला काढलं. थोडा त्यात 'ओढवून घेतलं' असाही वास येतो कधी कधी.

गाडीत चढण्या-उतरण्याचं थोडक्यात. कार, टॅक्सी, रिक्षा, जिथे वाकून आत बसायचं तिथे गेट इन आणि उतरताना गेट आउट. बस, ट्रेन, विमान, जिथे उभं राहून चालता येतं तिथे गेट ऑन आणि गेट ऑफ. बाइकला आणि घोड्यालाही ऑन-ऑफच, कारण त्यांच्या वर बसतो. आपण भारतीय 'गेट डाउन ॲट दादर' म्हणतो, कारण मराठीत उतरणे आणि हिंदीत उतरना, म्हणजे खाली, म्हणजे डाउन. इंग्लंडमध्ये बसला गेट ऑफ म्हणतात, डाउन म्हटलं तर झाडावरून नाहीतर भिंतीवरून उतरल्यासारखं वाटतं. पण माझं मत विचाराल तर दादरला गेट डाउन म्हणायला काडीचीही लाज वाटून घ्यायची गरज नाही, डब्यातल्या सगळ्यांना कळतं आणि उतरायलाही मिळतं, जे दादरला जास्त महत्त्वाचं. फक्त परदेशी जाणार असाल किंवा परीक्षा देणार असाल तर बदला.

असाच दुसरा आपला खास प्रयोग, 'आय ॲम गेटिंग लेट'. वर मी 'मला'चा जो नियम सांगितला त्यानेच हे तयार होतं, मला उशीर होतोय, आणि इथे तो नियम फसतो. तिकडचे लोक म्हणतात आय ॲम रनिंग लेट, किंवा इट्स गेटिंग लेट. दुसऱ्या वाक्याचा अर्थ पुन्हा वेगळा, रात्र फार झाली, निघूया आता. तसंच 'आय ॲम नॉट गेटिंग यू'. कळत नाहीये हे सांगायचं असेल तर आय डोन्ट गेट इट, आणि नीट ऐकू आलं नसेल तर आय डिडन्ट गेट दॅट. आयएनजीचा मोह टाळा.

गेटच्या मागे अप, ओव्हर, बाय, अलाँग, अवे असली शेपटं लागून जे अर्थ होतात त्याची यादी मी इथे देणार नाही. यादी वाचून कुणी शिकत नाही, दुसऱ्या दिवशी विसरतात. दोनच सांगते. वेक अप म्हणजे जाग येणे आणि गेट अप म्हणजे अंथरुणातून उठणे. ह्या दोघांच्या मधे कॉलेजची पोरं दीड तास घालवतात. आणि 'गेट अवे विथ', काहीतरी वाकडं करून अंगाला लावून न घेता सुटणे, ही गॉट अवे विथ इट, पचवलं की त्याने! पचवणे हा इतका नेमका मराठी शब्द आहे की मला हा अर्थ समजवायला कधी दुसरं वाक्यच लागलं नाही.

अजून एका गोष्टीवर आमच्या मास्तर जमातीत वाद आहे. पुष्कळ शिक्षक लिहिताना गेटवर सरसकट फुली मारतात, म्हणतात रिसीव्ह लिहा, ऑब्टेन लिहा, बिकम लिहा. हे अर्धं खरं आहे. 'आपले पत्र प्राप्त झाले' आणि 'तुमचं पत्र मिळालं' ह्यात जो फरक आहे तोच 'वी हॅव रिसीव्ह्ड युअर लेटर' आणि 'वी गॉट युअर लेटर' ह्यात. आणि कारणसुद्धा सारखंच आहे. रिसीव्ह, ऑब्टेन, अराइव्ह हे इंग्रजीत आले फ्रेंचमधून, 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं त्यानंतर, म्हणजे दरबाराचे, कोर्टकचेरीचे शब्द, आपल्याकडे संस्कृत शब्दांचं जे स्थान तेच. गेट त्याच्या आधीचा, तो उत्तरेकडून समुद्रातून आलेल्या व्हायकिंग लोकांच्या भाषेतला, टेक, एग, स्काय, विंडो, नाइफ हे पण त्यांचेच. त्यातला गेट इंग्लंडच्या मातीत अगदी परका नव्हता, त्याचं एक भावंड तिथे आधीपासून होतं, ते 'फरगेट'मध्ये अजून बसलेलं दिसतं. गेट म्हणजे हाती लागणे आणि फरगेट म्हणजे मनाच्या हातून सुटणे. बघा, हाती *लागणे*, शेवटी लागण्यावरच आलो की नाही.

तर अर्ज, आयएल्ट्सचा (परदेशी जाण्यासाठी द्यायची इंग्रजीची परीक्षा) निबंध, करारपत्र ह्यात गेट कमी करा, ठीक. पण ऑफिसच्या रोजच्या मेलमध्ये, मेसेजमध्ये त्याला हाकलू नका. मी एकदा एका मुलाचा मेल बघितला, मित्राला लिहिलं होतं, काइंडली ऑब्टेन टू समोसाज. हे म्हणजे कट्ट्यावर बसून 'दोन वडापाव प्राप्त करून दे' म्हणण्यासारखं झालं. गेट मी टू समोसाज, आण की दोन. हॉटेलात वेटरला मात्र 'गेट मी वॉटर' नको, ते हुकूम सोडल्यासारखं वाटतं, कुड आय गेट सम वॉटर म्हणा. इंग्लंडातली जुनी मंडळी ह्या 'कॅन आय गेट'वरही नाकं मुरडतात, म्हणतात ही अमेरिकन सवय, कॅन आय हॅव म्हणा. तुमचं कुणी तिकडे शिकायला असेल तर कानावर आलेलं असेल.

उच्चाराचं एकच. देवनागरीत दाराचं गेट आणि हे गेट सारखंच दिसतं आणि आपण दोन्ही सारखंच लांबवून म्हणतो, तिथे चुकतं. दाराचं लांबवा, हे झटकन तोडा, पेनमधल्या 'पे'सारखं. आणि अमेरिकन माणूस 'गॉट इट' म्हणतो तेव्हा तुम्हाला 'गाडिट' नाहीतर 'गारिट' असं काहीतरी ऐकू येईल, तिकडे दोन स्वरांमधला ट असा मऊ होतो, तुमचे कान ठीक आहेत.

राहिलं तुमचं गॉटन. शब्द आहे, चूक नाही, आणि नवा तर मुळीच नाही. हे जुनंच रूप, इंग्लंडमध्ये मागे पडलं आणि अमेरिकेत टिकलं, आपल्याकडे एखादा शब्द पुण्यातून जातो आणि तंजावरच्या मराठी घरात शिल्लक राहतो तसं. इंग्लंडमध्ये ते मुख्यतः 'इल-गॉटन'सारख्या थोड्या शब्दांत उरलंय, इल-गॉटन म्हणजे वाममार्गाने कमावलेलं. अमेरिकन माणूस दोन्ही वापरतो आणि त्यात फरक करतो, आय हॅव गॉट अ कार म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, आय हॅव गॉटन अ कार म्हणजे गाडी घेतली, आत्ता आली. ब्रिटिश माणूस दोन्हीला गॉटच म्हणतो आणि संदर्भावर सोडतो. तुमचा क्लायंट अमेरिकेतला असेल तर तुम्ही गॉटन लिहिलंत तरी कुणाची भुवई वर जाणार नाही, लंडनच्या ऑफिसला लिहिताना गॉट ठेवा, आणि बोर्डाच्या पेपरात मुलांना गॉटच लिहू द्या, तिथे तपासणाऱ्या बाई गेट-गॉट-गॉट पाठ करूनच आलेल्या असतात.